कचऱ्याच्या टोपलीतलं गणिताचं पुस्तक : जॉन पोपल यांची जीवनकथा



मागच्या महिन्यात आमच्या शिक्षक गटात एक विषय निघाला होता. मुलांचा वाचनवेग आणि गणिताचा वेग मोजायचा, पण तो मोजायचा कसा? त्यावर बरीच चर्चा झाली, थोडी भांडणंही झाली. मला तेव्हा एका शास्त्रज्ञाची आठवण आली. त्यांचं सगळं आयुष्य म्हणजे एका अर्थी ‘वेग कसा वाढवायचा आणि तुलना प्रामाणिकपणे कशी करायची’ याच प्रश्नाचं उत्तर शोधणं होतं. नाव सर जॉन पोपल. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेला गणिताचा माणूस. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव येत नाही, पण महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही विचारा, त्यांनी ‘गाऊसियन’ या संगणक प्रोग्रामचं नाव ऐकलेलं असतं.

विषय थोडा अवघड आहे. मी डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका, पुंजरसायनाची तज्ज्ञ नाही. तरी चौथी-पाचवीच्या गुणाकाराच्या आधारावर यातलं बरंच काही समजतं असा माझा अनुभव आहे. तसंच सांगायचा प्रयत्न करते.

बर्नहॅमचा मुलगा

जॉन अँथनी पोपल यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1925 रोजी इंग्लंडमध्ये, सॉमरसेट परगण्यातल्या बर्नहॅम-ऑन-सी या समुद्रकाठच्या छोट्या गावी झाला. वडिलांचं पुरुषांच्या कपड्यांचं दुकान होतं. आईचं माहेर शेतकऱ्याचं. घरात शास्त्रज्ञ वगैरे कोणी नव्हतं, पण मुलांनी शिकावं ही आई-वडिलांची फार इच्छा. म्हणून जॉनला ब्रिस्टल ग्रामर स्कूलमध्ये घातलं. ही शाळा घरापासून तीसेक मैल लांब! थोडी सायकल, मग आगगाडी, मग चालत, असा रोजचा प्रवास. पुढे दुसरं महायुद्ध सुरू झालं, ब्रिस्टलवर बॉम्ब पडू लागले, तरी शाळा चालू होती.

बाराव्या वर्षी या मुलाला गणिताचं वेड लागलं. बीजगणितातली एकसामायिक समीकरणं वर्गात सुरू झाली आणि तो पुस्तकाच्या शेवटापर्यंत एकटाच वाचत सुटला. मग एक दिवस त्याला कचऱ्याच्या टोपलीत कोणीतरी टाकून दिलेलं कॅल्क्युलसचं पुस्तक सापडलं. तेही त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं. वर्षभरात शाळेचं बहुतेक गणित त्याला येत होतं.

पुढचा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. क्रिकेटच्या संघात अकरा खेळाडू. ते किती वेगवेगळ्या क्रमांनी फलंदाजीला येऊ शकतात? कोणीतरी घातलेलं हे कोडं. जॉननं स्वतःच विचार करून नियम शोधला. पहिल्या जागी अकरापैकी कोणीही, दुसऱ्या जागी उरलेल्या दहापैकी कोणीही, मग नऊ, असं करत सगळ्यांचा गुणाकार. आपण काहीतरी नवीन शोधलं असं त्याला काही दिवस वाटत होतं. नंतर एका पुस्तकात तेच ‘क्रमगुणित’ या नावानं छापलेलं दिसलं आणि तो फार खट्टू झाला. तरी थांबला नाही. मग अपूर्णांकांचा क्रमगुणित काढता येईल का, याच्या मागे लागला. ते काही जमलं नाही. ऑयलरनं ते पूर्वीच सोडवून ठेवलंय हे काही वर्षांनी कळल्यावर त्याला स्वतःचाच राग आला.

मुद्दाम चुका करणारा विद्यार्थी

आता शिक्षकांनी जरा थांबून वाचावं अशी गोष्ट. हे सगळं गणित जॉन लपवून करत होता. आई-वडिलांना त्यातलं काही कळत नव्हतं. आणि वर्गात आपण फार हुशार दिसू नये म्हणून तो आपल्या वहीत मुद्दाम चुका घालत असे! गणित-विज्ञान सोडून बाकीच्या विषयांत तो साधारणच. त्यामुळे वर्गाच्या मासिक क्रमवारीत त्याचं नाव बरंच खाली असायचं. हे थोडंथोडकं नाही, तीन वर्षं चाललं.

मग शाळेत गणिताचे नवे वरिष्ठ शिक्षक आले, लिनेस नावाचे. त्यांनी मुलांना आव्हान म्हणून एक भयंकर कठीण चाचणी दिली. जॉनला मोह आवरला नाही. त्यानं पेपर पूर्ण बरोबर सोडवलाच, वर कित्येक उदाहरणं दोन-दोन तीन-तीन रीतींनी सोडवून दिली. झालं! काही दिवसांतच मुख्याध्यापकांनी आई-वडिलांना बोलावून घेतलं. मुलाला केंब्रिजच्या गणित शिष्यवृत्तीसाठी तयार करायचं ठरलं. पुढची दोन वर्षं त्याची खास तयारी करून घेण्यात आली.

मी हे वाचलं तेव्हा माझ्या वर्गातल्या वह्या डोळ्यांसमोर आल्या. बेरजेत हातचा विसरणारी मुलं आणि हातचा मुद्दाम विसरणारी मुलं आपल्याला वेगळी दिसतात का? मला तरी नाही दिसली. तिसरीतला एक मुलगा फळ्यावर उत्तर चुकवायचा आणि शेजारच्याला हळूच बरोबर उत्तर सांगायचा. मला ते दुसऱ्या सत्रात कळलं, तेही शेजारच्या मुलानं चुगली केली म्हणून.

1943 मध्ये जॉन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. युद्धाचा काळ, अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकला. मग सरकारी नियमाप्रमाणे ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीत नोकरी. 1947 मध्ये पुन्हा केंब्रिज. आता गणित येतंय, पण ते वापरायचं कुठे? त्यांनी निवडलं रसायनशास्त्र. गंमत म्हणजे शाळेत रसायनशास्त्र त्यांनी पंधराव्या वर्षापर्यंतच शिकलेलं! मार्गदर्शक होते सर जॉन लेनार्ड-जोन्स. पाण्याच्या रेणूतल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्यांवर काम करून 1951 मध्ये पीएच.डी. मिळाली. याच काळात ते पियानो शिकू लागले होते. शिकवणाऱ्या बाईंचं नाव जॉय बॉवर्स. 1952 मध्ये त्या दोघांचं लग्न झालं.

रेणूचं गणित इतकं मोठं का होतं?

इथून खरा विषय सुरू होतो.

रेणूतले इलेक्ट्रॉन कसे वागतात याचं समीकरण श्रोडिंजर यांनी 1926 मध्येच लिहून ठेवलं होतं. समीकरण माहीत आहे, मग रेणूचा आकार, त्याची ऊर्जा, बंधांची ताकद सगळं कागदावर काढता यायला हवं ना? तत्त्वतः हो. पण प्रत्येक इलेक्ट्रॉन दुसऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला ढकलतो. वर्गातल्या चाळीस मुलांपैकी प्रत्येकाचं मन बाकी एकोणचाळीस जणांवर अवलंबून आहे आणि सगळ्यांना एकाच वेळी जागेवर बसवायचंय, असं समजा. म्हणून आधी अंदाजानं सगळ्यांना बसवायचं, मग प्रत्येकाची जागा सुधारायची, पुन्हा सगळ्यांकडे बघायचं, पुन्हा सुधारायचं. काही फेऱ्यांनंतर हालचाल थांबते. संगणकही असंच करतो.

प्रत्येक फेरीत जे आकडे लागतात त्यांना इंटिग्रल म्हणतात. ते चार-चार फलनांच्या गटांतून तयार होतात. उदाहरण देते. पाण्याच्या रेणूसाठी सगळ्यात छोटा संच घेतला तर 7 फलनं लागतात आणि असे 406 इंटिग्रल होतात. बेंझीनला 36 फलनं लागतात. म्हणजे पाण्याच्या पाचपट. मग इंटिग्रल किती? पाचपट नव्हे. 2,22,111! फलनं दुप्पट झाली की हे काम साधारण सोळापट होतं, कारण 2 × 2 × 2 × 2 = 16. हा गुणाकार चौथीच्या मुलालाही करता येतो, आणि याच गुणाकारानं मोठमोठ्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षं अडवून ठेवलं होतं.

बरं, एकेक इंटिग्रल काढणंही सोपं नव्हतं. अणुकेंद्राजवळ इलेक्ट्रॉनच्या फलनाचा आकार टोकदार असतो. तो आकार बरोबर घेतला तर इंटिग्रल फार किचकट होतो. केंब्रिजमध्येच फ्रँक बॉईज नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी 1950 मध्ये सुचवलं की टोकदार आकाराऐवजी घंटेसारखा गोलसर आकार घ्या, म्हणजे गाऊसियन फलन. आकार चुकीचा आहे, पण दोन घंटांचा गुणाकार केला तर पुन्हा एक घंटाच मिळते. त्यामुळे इंटिग्रल झटकन सुटतो. सुरुवातीला ही कल्पना फार कोणी उचलली नाही.

पोपल यांनी तोपर्यंत दुसरी वाट धरली होती. कठीण इंटिग्रल सरळ सोडून द्यायचे आणि त्यांच्या जागी प्रयोगावरून ठरवलेले आकडे भरायचे. 1953 मध्ये त्यांची अशी एक पद्धत आली. अमेरिकेत पॅरिसर आणि पार या दोघांनी स्वतंत्रपणे तेच काम केलं होतं, म्हणून तिला तिघांच्या आद्याक्षरांवरून पीपीपी म्हणतात. मधल्या काळात त्यांनी चुंबकीय अनुस्पंदनावरही मोठं काम केलं, पण तो वेगळा लेख होईल. 1958 मध्ये ते टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत विभागप्रमुख झाले. तिथे कारभाराचीच कामं फार. (मुख्याध्यापक झालेल्या माझ्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.) 1964 मध्ये पत्नी आणि मुलांना घेऊन ते अमेरिकेत पिट्सबर्गला गेले. ज्या संस्थेत गेले तिचंच पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठ झालं. अमेरिकेत पुढे चाळीस वर्षं राहिले, पण नागरिकत्व ब्रिटिशच ठेवलं.

गाऊसियन 70

पिट्सबर्गमध्ये संगणक हाताशी आला आणि पोपल पुन्हा बॉईजच्या घंटांकडे वळले. त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर एक युक्ती केली. एक टोकदार फलन म्हणजे तीन घंटांची बेरीज असं धरायचं. 1969 मध्ये हा संच प्रसिद्ध झाला, त्याचं नाव एसटीओ-3जी. पण मग आधीच्या एका इंटिग्रलच्या जागी किती आले? चार फलनं, प्रत्येकात तीन घंटा, म्हणजे 3 × 3 × 3 × 3 = 81. बेंझीनच्या 2,22,111 ला 81 नं गुणा. जवळपास 1 कोटी 80 लाख! त्या वेळच्या संगणकावर हे कसं परवडावं?

इथे पोपल यांचं गणित कामी आलं. विद्यार्थी वॉरन हेहरे यांच्याबरोबर त्यांनी इंटिग्रल काढायची नवी रीत बसवली. एकाच जागेवरच्या, एकाच आकारमानाच्या घंटा एकत्र घेतल्या आणि मोजायचे अक्ष सोयीप्रमाणे फिरवले, तर पुष्कळ पदं आपोआप शून्य होतात आणि बाकीचा हिशेब गटात एकदाच करता येतो. आपण मुलांना 25 × 37 × 4 दिल्यावर आधी 25 × 4 करायला सांगतो ना, त्याच जातीचं शहाणपण. उत्तर तेच, कष्ट फार कमी.

या रीतीवर उभा राहिलेला प्रोग्राम म्हणजे ‘गाऊसियन 70’. इंडियाना विद्यापीठातून चालणाऱ्या प्रोग्राम-देवाणघेवाण केंद्रामार्फत तो इतर शास्त्रज्ञांना मिळू लागला. तोपर्यंत अशी गणितं हा मोजक्या तज्ज्ञांचाच प्रांत होता. आता प्रयोगशाळेत परीक्षानळी हाताळणारा माणूसही रेणूचे अणू कुठे आहेत ते लिहून देऊ लागला आणि उत्तर घेऊ लागला. पुढे 76, 80, 82 अशा आवृत्त्या आल्या. प्रत्येक आवृत्तीत काहीतरी नवं आणि बहुतेक वेळा काहीतरी जास्त वेगवान.

पण माझ्या मते पोपल यांचं मोठेपण वेगापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीत आहे. त्यांचा आग्रह असा की एखादी पद्धत वापरायची तर तिची व्याख्या आधीच पक्की करा. मग ती सगळ्या रेणूंना एकसारखी लावा. एका रेणूला एक रीत आणि दुसऱ्याला सोयीची दुसरी, असं चालणार नाही. मग ज्यांची प्रयोगानं मिळालेली उत्तरं पक्की माहीत आहेत अशा रेणूंचा एक चाचणीसंच घ्या आणि सरासरी किती चुकतं ते उघड सांगा. ते चांगलं आलं तरच अनोळखी रेणूवर भरवसा ठेवा. 1991 मध्ये त्यांच्या गटानं ‘जी-2’ नावाची पद्धत मांडली. तिच्यासाठी 125 प्रायोगिक मूल्यांचा संच घेतला होता आणि सरासरी चूक सुमारे 1.2 किलोकॅलरी आली. या कामात मूळचे भारतीय असलेले कृष्णन राघवाचारी यांचा मोठा वाटा आहे. ते पोपल यांचेच विद्यार्थी.

घनतेचा रस्ता

आता घनता फलनकं, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल. वॉल्टर कोन हे पदार्थविज्ञानाचे माणूस. त्यांनी होहेनबर्ग आणि शॅम यांच्याबरोबर 1964-65 मध्ये दाखवलं की प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग काढायची गरजच नाही. रेणूत कुठे किती इलेक्ट्रॉन दाटले आहेत, म्हणजे घनता, तेवढं कळलं तरी ऊर्जा ठरते. अडचण एकच. घनतेवरून ऊर्जा काढायचं अचूक सूत्र कोणालाच माहीत नाही. म्हणून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी अंदाजी सूत्रं बनवली. तीच ही फंक्शनल.

पोपल यांनी आयुष्यभर दुसरा रस्ता बांधला होता. त्या रस्त्यावर पायरी चढली की अचूकता वाढते, हे ठाऊक असतं. किंमत मात्र जबर! वरच्या पायरीवरच्या एका प्रसिद्ध पद्धतीत रेणू दुप्पट केला तर काम 128 पट होतं, म्हणजे सात वेळा 2 गुणायचे. घनतेच्या रस्त्यावर काम पुष्कळ कमी, पण पायऱ्या नाहीत. पुढचं सूत्र आधीच्यापेक्षा चांगलं असेलच असं नाही.

अशा वेळी साठी ओलांडलेला, जगभर मान मिळालेला माणूस काय करतो? आपलाच रस्ता बरा, असं म्हणून बसला असता तर कोणी दोष दिला नसता. पोपल यांनी पीटर गिल आणि बेनी जॉन्सन या तरुण सहकाऱ्यांबरोबर घनतेच्या पद्धती चाचणीला बसवल्या. 1993 मध्ये त्यांचा निबंध आला. 32 छोटे रेणू, सहा घनता-पद्धती आणि शेजारी जुन्या रस्त्याच्या तीन पद्धती. आधार-संच सगळ्यांना एकच. रेणूचा आकार, ध्रुवीयता, कंपनं, रेणू फोडायला लागणारी ऊर्जा, सगळं मोजलं. ज्या सूत्रांत घनतेबरोबर तिचा चढ-उतारही धरला होता, त्यांनी कमी खर्चात फार चांगले गुण मिळवले. त्याच सुमारास गाऊसियनमध्येही घनता-पद्धती आल्या आणि रसायनतज्ज्ञ त्यांच्याकडे झपाट्यानं वळले.

वेगाची तुलना करताना

या तिघांचं त्याच वर्षीचं आणखी एक छोटं काम आहे. मला ते सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. घनतेचं सूत्र संगणक कसं सोडवतो? रेणूभोवती बिंदूंची जाळी टाकतो आणि प्रत्येक बिंदूवर किंमत काढून बेरीज करतो. जाळी दाट तर उत्तर अचूक, पण वेळ जास्त. जाळी विरळ तर काम भराभर, पण चूक जास्त. प्रत्येकजण आपापली जाळी वापरू लागला तर दोन फंक्शनलची किंवा दोन प्रोग्रामची तुलना कशी करणार? उत्तरात फरक आला तर तो सूत्राचा की जाळीचा? म्हणून त्यांनी एक प्रमाणित जाळीच ठरवून दिली. प्रत्येक अणूभोवती 50 गोल कवच, प्रत्येकावर 194 बिंदू, आणि जिथे गरज नाही तिथले बिंदू छाटून टाकायचे.

आता गुणाकार करा. 50 × 194 = 9,700 (छाटणीपूर्वी). गाऊसियनच्या 2009 च्या आवृत्तीत काही न सांगता मिळणारी जाळी 75 × 302 ची होती, म्हणजे 22,650. 2016 च्या आवृत्तीत ती 99 × 590 ची झाली, म्हणजे 58,410. छाटणीनंतर हे आकडे खाली येतात, तरी फरक लक्षात घ्या. समजा कोणी तोच रेणू, तेच फंक्शनल जुन्या आणि नव्या आवृत्तीत चालवलं आणि घड्याळ लावलं. नवी आवृत्ती मागे पडली तर तो म्हणेल, ही तर हळू आहे. पण ती हळू नाही, ती जास्त बिंदू मोजतेय! आधी दोघींना एकच जाळी द्या, मग घड्याळ लावा.

एवढंच नाही. किती फेऱ्यांत उत्तर स्थिरावलं तेही बघावं लागतं. एकीला 12 फेऱ्या लागल्या आणि दुसरीला 18, तर एका फेरीचा वेळ वेगळा आणि एकूण वेळ वेगळा. संगणक तोच हवा, त्यावर दुसरं काम चालू नको. फंक्शनलचंही तसंच. बीएलवायपी फक्त घनता आणि तिचा उतार बघतं. लोकप्रिय बी3एलवायपी त्यात जुन्या रस्त्यावरचा एक भाग 20 टक्के मिसळतं, म्हणून त्याला ते चार-चारचे इंटिग्रल पुन्हा लागतातच. ते हळू चालतं यात प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दोष नाही, त्याला कामच जास्त दिलेलं आहे.

इथे माझी एक चूक कबूल करते. दोन वर्षांपूर्वी मी वर्गात एक मिनिटाच्या वाचनचाचणीत एका मुलीपुढे ‘मंद गती’ असा शेरा लिहिला. नंतर वही चाळताना लक्षात आलं की तिला आलेल्या उताऱ्यात जोडाक्षरं भरपूर होती आणि बाकीच्या बऱ्याच जणांना सोपा उतारा आला होता. शेरा खोडला. पण पालकसभेत तो तोपर्यंत वाचून झाला होता, आणि तिच्या आईनं घरी रोज घड्याळ लावून वाचायला बसवायला सुरुवात केली होती.

स्वतःच्याच प्रोग्रामला पारखे

पोपल यांच्या आयुष्यातला कडू भाग आता सांगायला हवा. 1987 मध्ये गाऊसियनची कंपनी झाली. 1991 च्या सुमारास पोपल त्या कामातून बाहेर पडले. 1993 मध्ये पिट्सबर्गमध्येच ‘क्यू-केम’ नावाचा दुसरा प्रोग्राम सुरू झाला. तो लिहिणाऱ्यांत पोपल यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण होते, आणि पुढे पोपलही त्यांना सामील झाले. प्रतिस्पर्धी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना गाऊसियनचा परवाना नाकारला जाऊ लागला. या यादीत अनेक नामवंत शास्त्रज्ञ होते आणि खुद्द पोपलही होते! ज्यांनी तो प्रोग्राम सुरू केला त्यांनाच तो वापरायला बंदी. वेगाच्या तुलना प्रसिद्ध करण्यावरच्या अटींवरूनही शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला.

कंपनी चालवायची तर वर्षानुवर्षांची मेहनत प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ नये असं वाटणं मी समजू शकते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही पोट आहे. पण ज्या माणसानं सगळ्यांना एकच चाचणीसंच द्या, चूक किती ते उघड सांगा असा आग्रह धरला, त्याच्याच प्रोग्रामचं घड्याळ उघडपणे लावता येऊ नये, हे मला पटत नाही.

1998 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्धं वॉल्टर कोन यांना घनतेच्या सिद्धांतासाठी, अर्धं जॉन पोपल यांना संगणकीय पद्धतींसाठी. दोन रस्त्यांचे दोन कारागीर एकाच व्यासपीठावर. एक पदार्थविज्ञानातला, एक गणितातला, आणि बक्षीस रसायनशास्त्राचं!

आपल्याकडचा एक धागाही आहे. पुणे विद्यापीठात प्रा. श्रीधर गद्रे यांच्या गटानं मोठ्या रेणूंसाठी वेगळी युक्ती केली. रेणू कापडासारखा बेतायचा, तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं करायचं आणि मग शिवणकामासारखं जोडायचं. इंग्रजी नावातही शिंप्याचाच शब्द आहे. वर सांगितलेल्या दुप्पट-सोळापटच्या हिशेबावर हा थेट उपाय आहे. रेणूचे दोन निम्मे तुकडे केले तर प्रत्येकाचं काम सोळाव्या हिश्शावर येतं. जोडावरचा थोडा भाग दोनदा मोजावा लागतो, तरी फायदा मोठाच. कपड्यांच्या दुकानदाराच्या मुलानं सुरू केलेल्या कामात पुण्यात शिवणकाम आलं, याची मला उगाचच मजा वाटते.

शेवटची वर्षं पोपल शिकागोजवळ राहिले आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात काम करत राहिले. 2002 मध्ये जॉय गेल्या. 2003 मध्ये ब्रिटनच्या राणीनं त्यांना ‘सर’ ही पदवी दिली. 15 मार्च 2004 रोजी यकृताच्या कर्करोगानं त्यांचं शिकागोत निधन झालं. त्यांनी ठरवलेल्या संचांची 6-31जी सारखी नावं आजही रसायनशास्त्राच्या निबंधांत सर्रास दिसतात.

जाता जाता, क्रिकेटचं ते कोडं मी यंदा पाचवीला दिलं. दोन तासिका गेल्या. आधी तीन खेळाडू घेऊन नावांच्या चिठ्ठ्या मांडल्या, 6 क्रम आले. चार घेतले, 24 आले. पाचला चिठ्ठ्या पुरेनात, तेव्हा एक मुलगी म्हणाली, “बाई, आता मांडायचं कशाला, 24 ला 5 नं गुणू या की.” अकरापर्यंत पोचायला आठ जणांना आठ वेगवेगळी उत्तरं आली. फळ्यावर मिळून तपासलं तेव्हा बरोबर उत्तर निघालं, 3,99,16,800. ज्याचं आधीच बरोबर आलं होतं तो मागच्या बाकावर होता. वही त्यानं झाकून ठेवली होती.